सत्यशीला अन् वाड्यावरचा कॅमेरा

सत्यशीलेची अन् माझी वळख भांडनातून झाली, हे आधीच सांगून टाकते. कोनाचं गुनगान करायला मी कधी बसत न्हाई. माझं तोंड कसं हाय ते सबंद शिरड शहापूरला ठाऊक हाय. केशरबाई बोलायला लागली की मानसं सायकलवरून उतरत न्हाईत, उलट पायडल जोरात मारत्यात. पन ह्या पोरीबद्दल मी बोलनार, अन् तुमी ऐकायचं.

तर झालं असं. माझा दीर अन् त्याचा शेजारी, दोघांचा बांधावरून वाद. एक दिस बांध फुटला अन् पानी आमच्या हळदीत शिरलं. मल्हारी मेंढपाळाची नवी सून त्याच टायमाला तिकडून मेंढरं घेऊन गेलेली. मी म्हनलं, सापडला साक्षीदार! धरून आनलं तिला चार मानसांत. "सांग बाई, कोनी फोडला बांध?"

ती पदर सावरून उभी राहिली. म्हनली, "फुटलेला बांध मी पाहिला. फोडताना कोनाला पाहिलं न्हाई."

"अगं, पन तुला वाटतं काय?"

"वाटायला मी तिथं कुठं व्हते, काकू?"

घ्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या शेजाऱ्याचा बी झाला, कारन त्याला बी तिच्याकडून आपल्या बाजूचं वदवून घ्यायचं व्हतं. दोन्हीकडची मानसं तिच्यावर रुसली. अन् ही बया दुसऱ्या दिवशी सकाळी शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन माझ्या आखाड्यावर हजर. आखाडा म्हंजे आमचं शेतातलं घर, मालक गेल्यापासून मी तिथंच राहते. "काकू, दूध." तोंडावर राग न्हाई, लाज न्हाई, काही न्हाई. मी दूध घेतलं, अन् तव्हापासून रोज सकाळी तिचंच दूध. काय करता?

ती मूळची हट्टा गावची. हट्ट्याची पोरगी हट्टीच निघनार, असं मी तव्हा चार बायांत म्हनून बी आले व्हते. तिच्या बापाची शेती, घरात एक म्हैस. मेंढरू कधी हाताळलेलं न्हाई. लग्न होऊन आली तव्हा तिला एक मेंढी दुसरीतून वळखू येत नव्हती. सासू सत्यभामाबाई म्हनायची, "समदी सारखीच असत्यात, मोजून घेत जा." हिनं मोजनं सोडलं अन् तोंडं पाहायला लागली. आता कळप आत शिरताना ती दारात उभी राहते, एकेकीच्या तोंडाकडं पाहते अन् म्हनते, "भोरी न्हाई आली. वढ्यात राहिली असंल." भोरी वढ्यातच सापडती. मल्हारी कोनाचं कौतुक करनारा मानूस न्हाई, पन संध्याकाळी ते आता मोजत न्हाईत, सुनंला विचारतात.

तिची एक कुत्री व्हती, तांबी. वढ्याकाठी एक कुत्री व्याली अन् मेली, तिचं एक पिल्लू ही पदरात घालून घेऊन आली. शेळीच्या दुधात बोट बुडवायची अन् चाटवायची. असं करून वाढवलं. अंगानं तांबूस, अन् उजवा कान लांडग्याबरोबरच्या झटापटीत मधोमध फाटलेला. सत्यशीला भाकरी थापायला बसली तरी तांबी चुलीपाशी, अन् मेंढरामागं गेली तरी तांबी मागं.

गायरानाच्या कडंला दोनच मेंढवाडे. एक मल्हारींचा, दुसरा सोनाजींचा. सोनाजीला आम्ही समदे बापू म्हनतो. बायको गेली, लेकरू झालं न्हाई, डोळ्यात मोतीबिंदू. दिवसा कसंबसं दिसतं, दिवे लागले की मानूस आंधळा. त्यांचं कुत्रं कापश्या, नावासारखंच पांढरंशुभ्र. रातीला कापश्या कोनीकडं तोंड करून भुंकला त्याच्यावरनं बापूला कळतं, काय येऊन राहिलं अन् कुठून. कापश्या हाय म्हून बापूची मेंढरं हायेत, अन् मेंढरं हायेत म्हून बापू हायेत.

मागल्या साली आजूबाजूच्या गावांतून शेळ्या चोरीला जाऊन राहिल्या व्हत्या. तव्हा शिवहार, सत्यशीलेचा नवरा, हिंगोलीला गेला अन् कॅमेरा घेऊन आला. भावसिंग नावाचा मानूस फटफटीवर येऊन बसवून गेला. पत्र्याच्या शेडला लोखंडी पाईप, पाईपावर कॅमेरा, वर सोलरची पाटी, आत सीमकार्ड. मोबाईलमधी वाडा दिसायला लागला. भावसिंगची फटफटी वळती न वळती तोच सत्यभामाबाई पूजेचं ताट घेऊन आली. कॅमेऱ्याच्या काचेवर हळदकुंकवाचं बोट लावलं, अन् त्याच्या नाकासमोर लिंबू, मिरच्या अन् बिब्बा ओवून टांगला. दर शनवारी जुना काढायचा, ताजा बांधायचा, अन् काचेला पुन्हा कुंकू. आता ह्यात हसन्यासारखं काही न्हाई. आमच्याकडं टॅक्टर येऊ द्या न्हाईतर मिक्सर येऊ द्या, नव्या चीजंला नजर लागू नये म्हून हे करायचंच. माझ्या फ्रीजला बी बिब्बा हाय.

ह्या हिवाळ्यात मल्हारींच्या वाड्यातून कोकरं जायला लागली. आधी एक गेलं, मंग दुसरं, मंग तिसरं. सकाळी वढ्यात लोकर सापडायची, थोडं रगत सापडायचं. लांडगा म्हनावं तर कळप बुजलेला न्हाई अन् कुत्री भुंकलेली न्हाईत. म्हंजे वळखीचंच जनावर. शिवहारनं मोबाईल उघडून रातीचं चित्र पाहिलं. सबंद धुकं. मधोमध एक मोठा पांढरा गोळा डुलून राहिला, अन् त्याच्यामागून एक पांढरं कुत्रं तोंडात काहीतरी धरून निसटलं. अन् गायरानावर पांढरं कुत्रं एकच.

बिरोबाच्या पारावर बैठक बसली. मोबाईल ह्या हातातून त्या हातात फिरला. ज्यानं पाहिलं त्याला कापश्याच दिसला. एकाला त्याची शेपटी दिसली, एकाला तर त्याची चाल दिसली. मी बी पाहिलं. मला त्याच्यात हळद शिजवायच्या कढईची वाफ दिसली, पन माझं कोन ऐकतंय?

मेंढरं राखनाऱ्या लोकांची एक रीत हाय. कुत्र्याच्या तोंडाला कोकराचं रगत लागलं की ते कुत्रं ठेवायचं न्हाई. अन् त्याला संपवायचं ते मालकानंच, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. मल्हारी उभे राहिले अन् म्हनले, "सोनाजी, रीत तुला ठाऊक हाय. मी सांगायची गरज न्हाई."

बापूनं मोबाईल घेतला. डोळ्याच्या इतका जवळ नेला की नाक काचेला लागलं. कितीतरी वेळ पाहत राहिले. मंग म्हनले, "दादा, मला तर काहीच दिसत न्हाई. तुमी समदे म्हनता तर असंल तसं." अन् मोबाईल चाचपत पारावर ठेवून दिला. मला कसं तरीच झालं बगा.

पारावर सासरा असला की सून बोलत न्हाई. बाया मागं उभ्या राहतात, ऐकतात अन् घरी जाऊन काय बोलायचं ते बोलतात. पन ही पुढं आली. डोईवरचा पदर नीट केला अन् म्हनली, "मामंजी, ह्याच्यात कुत्रं दिसतं. कोनाचं ते दिसत न्हाई."

"पांढरं हाय का न्हाई?"

"समदंच पांढरं हाय. खांब बी पांढरा हाय. तो काय कापश्या हाय?"

कोनीतरी फसकन हसलं. मल्हारींचं तोंड लाल झालं. चार मानसांत सुनंनं बोलावं, अन् ते बी सासऱ्याच्या विरोधात! मला वाटलं, आज हिचं काही खरं न्हाई. मल्हारींनी विचारलं, "मंग तुझं म्हननं काय?"

"अवसेपातुर मुदत द्या. मी चित्र साफ करते. जे दिसंल ते इथंच आनून दाखवीन. जे दिसंल ते."

"दिली मुदत. अवसेनंतर मी कोनाचं ऐकनार न्हाई," मल्हारी म्हनले अन् काठी आपटत निघून गेले. त्या रोजापासून घरात सासरा बोलेना, सासू बोलेना. नवरा बोलायचा पन तो बी तोंड वाकडं करून. अन् कुत्रं कोनाचं? दुसऱ्याचं! मी म्हनलं, ही तकलीफ काहून घेतलीस अंगावर? तर म्हनती, "काकू, बापूला दिसत न्हाई. दिसतंय त्यानं नीट पाहायला नको का?"

मुदत तर घेतली, पन कॅमेऱ्यातलं हिला काय कळत व्हतं? काही न्हाई. हिनं भावसिंगला फोन लावला. मानूस भला. हिंगोलीतून फोनवर निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलून सांगायचा. "भाभी, कैमरा अच्छा है. पहले काच पुसा, बाद में सेटिंग देखेंगे." ही शिडी लावून वर चढली. काचेवर शनवारच्या शनवारी कुंकवाचे थर, त्याच्यावर आमच्या हळदीची धूळ बसलेली. मऊ जुनं लुगडं फाडलं अन् हळूहळू पुसून काढलं. दुसऱ्या सकाळी पाहिलं तर धुकं पातळ झालेलं, पन मधला गोळा तसाच.

भावसिंग म्हनला, "भाभी, कैमरे के सामने कुछ लटकाया है क्या?"

लटकवलं तर व्हतंच! त्यानं मंग समजावून सांगितलं. रातीला कॅमेरा आपल्याच अंगातून उजेड पाडतो, तो आपल्या डोळ्याला दिसत न्हाई. तो उजेड पहिल्यांदा पडतो समोरच्या लिंबावर. लिंबू असं चमकतं की कॅमेऱ्याला वाटतं लई उजेड झाला, मंग तो मागचं समदं दाबून टाकतो. अन् दुसरी गंमत अशी की तो कॅमेरा काही हललं तरच चित्र धरायचा. वाऱ्यानं लिंबू हललं की ह्याला वाटायचं चोर आला. चित्रं साठवायचं कार्ड उघडून पाहिलं तर आत नुसती लिंबं. ह्या शनवारचं लिंबू, त्या शनवारचं लिंबू. कोनी सबंद वाडा उचलून नेला असता तरी आमच्याकडं पुरावा लिंबाचाच राहिला असता. मी तर पोट धरून हसले.

पन सासूला सांगायचं कोनी? मी असते तर ओढून फेकलं असतं अन् मंग आठवडाभर दोघींची जुंपली असती. सत्यशीला दुपारी सत्यभामाबाईजवळ जाऊन बसली. म्हनली, "आत्याबाई, नजर कोनाला लागू नये म्हून बांधतो आपन? मेंढरांना का कॅमेऱ्याला?"

"मेंढरांना. त्या डबड्याला काय नजर लागती?"

"मंग मेंढरांच्या दारावर बांधू या का? आत जानारी-येनारी एकूनएक त्याच्याखालून जाईल."

सत्यभामाबाईनं इचार केला. मंग स्वतःच उठली, लिंबू सोडवून घेतलं अन् दारावर बांधलं. वर मलाच सांगती, "केशर, ते आधीच इथं बांधायला पायजे व्हतं." मी म्हनलं, व्हय माय, तुझंच बराबर.

लिंबू गेलं तरी एका बाजूनं उजेड फाकायचा. ती पत्र्याची कड व्हती, कॅमेऱ्याचा उजेड त्याच्याच तोंडावर परत मारायची. कॅमेरा जरा वळवला, पत्रा चित्रातून गेला. मंग मोबाईलमधल्या सेटिंगा. भावसिंग म्हनला, कॅमेऱ्याचा उजेड कमी करा. मी म्हनलं, हा मानूस येडा झाला काय? रातीला कमी उजेडात जास्त दिसतं व्हय? पन हिनं निम्मा केला, अन् खरंच सांगते, जवळचं जे पांढरंफटक पडायचं ते शांत झालं अन् मागची डाली दिसायला लागली. डालं म्हंजे ती बांबूची मोठी पाटी, रातीला तिच्याखाली कोकरं झाकतात. शिवहारनं नेट वाचवायला चित्राची क्वालिटी कमी करून ठेवली व्हती, ती वाढवली. पळनारं जनावर पुसल्यावानी लांबट यायचं, त्याला ते शटर का काय ते जलद केलं. लई जलद केलं तर अंधार, हळू केलं तर पुसट. मधलं ठिकान सापडेपातुर हिनं दम धरला.

तिची करायची रीत मला लई आवडली. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. सकाळी पाहायचं, काय फरक पडला. बरं वाटलं तर ठेवायचं, न्हाई तर पहिल्यासारखं करायचं. मी असते तर समदी बटनं एकदम दाबून मोकळी झाले असते, अन् मंग काय बिघडलं ते बिरोबालाच ठाऊक. अन् हे समदं मेंढरं, धुनं, भाकरी सांभाळून, घरात कोनी धड बोलत नसताना. तिच्या जागी दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती.

मंग एक दिस दिवेलागन झाली अन् ती मला म्हनली, "काकू, जरा वाड्यातून चालता का? कोकरू काखेत धरून."

"मी काय कुत्रं हाय?"

"कुत्र्याएवढं जलद नका चालू, पडताल."

बगा कशी बोलती! मी गेले. कोकरू काखेत धरलं, ह्या टोकापासून त्या टोकापातुर चालले. कोकरानं माझ्या अंगावर करायचं ते केलं. परत येऊन मोबाईल पाहिला तर माझ्या नाकातली चमकी सुद्धा साफ! मी खूश. पन माझं लुगडं? मी नेसले व्हते काळं, नायलॉनचं. चित्रात ते पांढरंशुभ्र.

"अगं बया, ह्यानं माझं लुगडं धुतलं का काय?"

भावसिंगला फोनवर विचारलं. तो म्हनला, रातीला कॅमेऱ्याला रंग कळतच न्हाई. जी चीज उजेड परत फेकती ती पांढरी दिसती, मंग दिवसा ती कोनत्या बी रंगाची असो.

मी हसून राहिले. सत्यशीला हसली न्हाई. ती हळूच म्हनली, "काळं पांढरं दिसतं. मंग तांबडं बी दिसत असंल." अन् तिनं दाराकडं पाहिलं. दारात तांबी बसली व्हती, तिच्याकडं पाहून शेपटी हलवून राहिली व्हती.

माझं हसू तिथंच थांबलं. त्या घडीला ती थांबू शकली असती, हे ध्यानात घ्या. कॅमेरा तिथंच सोडून द्यायचा, म्हनायचं, जमलं न्हाई मला. कोनी नाव ठेवलं नसतं. घरातली मानसं तर पेढे वाटायला निघाली असती. मी रातभर इचार करत राहिले, आता ही काय करनार. सकाळी उठून पाहते तर ही पुन्हा शिडीवर! काचेवर दव पडलं व्हतं, ते पुसून राहिली व्हती. मी लई मानसं पाहिलीत, शिकलेली पाहिली, पैशावाली पाहिली. पन आपल्याच जिवावर येनारं खरं दिसावं म्हून काच पुसनारं मानूस मी एकच पाहिलं.

अवसेच्या आदल्या सकाळी माझं दूध आलं न्हाई. मी समजले. वढा वलांडून गेले तर ती वाड्यासमोर दगडावर बसलेली, मोबाईल मांडीवर. शिवहार तिच्यासमोर उभा. आनखी एक कोकरू गेलं व्हतं. तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. चित्र असं साफ की दिवसा बी येवढं दिसू नये. तांबी आली, डाल्याखाली नाक घातलं, डालं उचललं, कोकरू मानंला धरलं. जाताना तिनं वर कॅमेऱ्याकडं पाहिलं. उजव्या कानाच्या फाटीतून मागचा खांब दिसत व्हता.

शिवहार म्हनला, "पुसून टाक हे. मी तांबीला लांब सोडून येतो. कोनाला कळायचं न्हाई."

"अन् कापश्या?"

शिवहार बापूच्या वाड्याकडं पाहायला लागला.

"उद्या अवस हाय. मुदत सरली की मामंजी बापूच्या हातात दोर देनार. आंधळ्या मानसाला त्याच्या डोळ्याचा गळा आवळायला लावनार, अन् तुमी-आमी बाजूला उभं राहून पाहायचं?"

"अगं, पन आपली तांबी हाय ती!"

"मला सांगून राहिलात?" ती एकदम वरडली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बोटानं दूध पाजलंय मी तिला! मला सांगताय, तांबी कोनाची?"

शिवहार खाली बसला. तिनं तोंडावर पानी मारलं, पदर घेतला अन् पाराकडं निघाली. मानसं जमली. तिनं मोबाईल दुसऱ्या कोनाला दिला न्हाई, आधी सासऱ्याच्या हातात दिला. मल्हारींनी एकदा पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. त्यांचं तोंड असं उतरलं की मला त्यांची बी कीव आली. ते म्हनले, "सोनाजी, तुझा कापश्या न्हाई. माझ्याच घरची हाय." बापू मटकन पारावर बसले अन् दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मल्हारी बोलल्याला जागनारा मानूस. ते उठले, खांद्यावरचा दोर काढला. "रीत समद्यांना सारखी," म्हनले.

सत्यशीलेनं हात पुढं केला. "दोर माझ्याकडं द्या, मामंजी. वाढवली मी, नेनार मीच."

तिचा हात जरा बी हलला न्हाई. बाया तोंडाला पदर लावून उभ्या. तेवढ्यात बापू उठले. काठी टेकवत, चाचपत मधी आले.

"थांब पोरी. दादा, तुमच्या सुनंनं माझ्या कुत्र्यासाठी शब्द टाकला, तुमी मानला. आता मी तांबीसाठी टाकतो."

"तिच्या तोंडाला रगत लागलंय, सोनाजी."

"लागलंय. कोनीतरी मेलेलं कोकरू वढ्यात उघडं टाकलं असंल, तिथून चटक लागली असंल. मेंढरात तिला ठेवू नका, माझं काही म्हननं न्हाई. पन ही रीत कशापायी? मेंढरं वाचावी म्हूनच ना? जिथं मेंढरंच न्हाईत तिथं ती जगली तर बिरोबाचं काय जातं?"

मल्हारी दोराकडं पाहत उभे. मला कसं सुचलं कोन जाने, मी मागूनच वरडले, "माझ्या आखाड्यावर द्या तिला! रानडुकरं रोज हळद उकरून राहिलीत. ही काही हळद खायची न्हाई!"

लोक हसले. मल्हारी हसले न्हाईत, पन दोर पुन्हा खांद्यावर टाकला अन् म्हनले, "न्या."

सत्यशीला स्वतः तांबीला घेऊन माझ्याकडं आली. कडूलिंबाच्या झाडाला साखळीनं बांधलं, पाठीवरून हात फिरवला, वाटीत दूध वतलं. मला म्हनली, "काकू, इतक्यात साखळी सोडू नका. अन् आता दूध न्यायला तुमीच येत जा. मी दिसले की ती माझ्या मागं परत येईल." अन् ती गेली. तांबी साखळीला हिसके देऊन अशी केकाटली, अशी केकाटली की सांगता सोय न्हाई. ही वढ्यापातुर गेली, वढा वलांडला, पन मागं वळून पाहिलं न्हाई. मी रडले. सांगायला कसली लाज?

संध्याकाळी माझ्यानं राहवलं न्हाई, मी तिच्या वाड्यावर गेले. मल्हारी बाजंवर बसलेले, ती दारात उभी राहून एकेक तोंड पाहत मेंढरं आत घेऊन राहिली व्हती. त्या वाड्याला आता कुत्रं नव्हतं. एवढ्यात काठीचा आवाज आला. बापू येऊन राहिले व्हते, अन् त्यांच्या हातात दोर, दोराला कापश्या.

"पोरी, तुझ्या मेंढरांना राखन न्हाई. दुसरं कुत्रं तयार व्हईपातुर हा इथं राहील. वळखीचा हाय, भुंकायचा न्हाई तुमच्यावर."

"अन् तुमचा वाडा, बापू? तुमाला रातीचं दिसत न्हाई."

"ऐकू तर येतं," बापू म्हनले अन् दोर तिच्या हातात दिला.

दिवसभर जिच्या डोळ्याला टिपूस नव्हतं ती पोरगी कापश्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. सत्यभामाबाई आली अन् तिच्या डोक्यावरून हात फिरवत तिथंच खाली बसली. मल्हारी बाजंवरून उठले. त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली अन् बापूच्या दंडाला धरलं.

सत्यशीलेनं डोळे पुसून विचारलं, "मामंजी, कुठं निघालात?"

"सोनाजीच्या वाड्यावर झोपायला," मल्हारी म्हनले. "त्याचं कुत्रं माझ्या मेंढरांपाशी राहनार. त्याच्या मेंढरांपाशी कोनी नको का?"

ती उठली अन् दोघा म्हाताऱ्यांच्या भाकरी बांधायला आत गेली.